एक नंबरचं घर

गावाचं नाव सांगणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. एक तर ते गाव आता गाव राहिलेलं नाही. सांगवी-रहाटणीच्या जोडीनं तेही शहराच्या पोटात गेलं. दुसरं म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांची नातवंडं आज पुढारी आहेत, निवडणुकीला उभी राहतात, आणि मला या वयात कुणाशी वाकडं घ्यायचं नाही. बाकी सगळं सांगतो, माझ्या फजितीसकट.

मी ग्रामपंचायतीचा कारकून. कागदोपत्री चिटणीस, गावाच्या तोंडी भाऊसाहेब. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. फायनलची परीक्षा पास होतो आणि अक्षर बरं होतं, एवढ्या भांडवलावर मला ही जागा मिळाली. तीही हंगामी. साहेबांची तपासणी होऊन चांगला शेरा मिळाला तर कायम; नाहीतर साताऱ्याकडच्या आमच्या गावी परत जाऊन थोरल्या भावाची बोलणी खात बसायचं. भाऊ स्वभावानं चांगला होता, पण बोलणी फार मनापासून घालायचा.

पंचायतीचं काम म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. दिवाबत्ती, गटारं, विहिरीत औषध टाकणं, मोकाट गुरं कोंडवाड्यात घालणं आणि कोंडलेल्या गुरांच्या मालकांच्या शिव्या खाणं, जन्ममृत्यूच्या नोंदी, दाखले. आणि या सगळ्याच्या वर ठराव. काहीही करायचं म्हटलं की ठराव पाहिजे. कोंडवाड्याच्या फाटकाची कडी तुटली होती, ती बसवण्याचा ठराव तीन सभा चालला होता. तोवर फाटक मी चपलेच्या पट्ट्यानं बांधलेलं होतं.

सभा मारुतीच्या देवळात भरायची. सभेचा वृत्तान्त लिहिण्याची एक खास भाषा असते, ती मी महिन्याभरात शिकलो. ‘सविस्तर चर्चा झाली’ म्हणजे आरडाओरडा झाला. ‘साधकबाधक चर्चा झाली’ म्हणजे एकमेकांच्या वाडवडिलांचा उद्धार झाला. आणि ‘वेळेअभावी सभा तहकूब करण्यात आली’ म्हणजे कुणीतरी कुणाचं तरी पागोटं देवळाबाहेर भिरकावलं. वरच्या साहेबांनाही ही भाषा येत असे. तहकूब सभा जास्त झाल्या की ते विचारत, “तुमच्याकडे पागोटी फार आहेत का हो?”

तर अशा त्या पंचायतीत एक दिवस परिपत्रक आलं: गावातल्या प्रत्येक घराला क्रमांक द्यावा.

परिपत्रक छोटंसं होतं. पहिलं वाक्य असं, की गावाच्या पूर्व टोकाच्या पहिल्या घरापासून आरंभ करून उजव्या हातानं क्रमांक देत जावेत. दुसरं वाक्य असं, की घर पक्कं, कच्चं अथवा झोपडी असा भेद करू नये. खाली सही. सोबत आकड्यांचे जस्ताचे साचे. म्हणजे पत्र्यात आकडा कोरलेला, तो भिंतीला लावायचा आणि वरून डांबराचा बोळा फिरवायचा. साचा उचलला की भिंतीवर आकडा. शून्यापासून नवापर्यंत दहा साचे एका तारेत ओवलेले.

हे साचे मी आमचा शिपाई धोंडिबा याच्या हवाली केले. धोंडिबा दवंडी देई, कंदील लावी, कोंडवाडा सांभाळी. त्याला वाचता येत नव्हतं, पण त्यानं प्रत्येक साच्याला नाव ठेवलं होतं. एक म्हणजे पळी. आठ म्हणजे विळा. मी “सत्तावीस” असं म्हटलं की तो गोंधळून उभा राही. मग मला साच्यांकडे बोट दाखवावं लागे. तिनाचा साचा तो हटकून उलटा लावी आणि भिंतीवर सहा उमटे. सुरुवातीला सरावासाठी पंचायतीच्या मागच्या भिंतीवर त्यानं बावीस आकडे काढले, त्यात नऊ सहा होते.

मुख्य दिवशी आम्ही पूर्वेच्या वेशीत उभे राहिलो. वेशीतून आत शिरलं की समोरासमोर दोन मोठी घरं. एक आबा पाटलांचं, थोरल्या पातीचं. दुसरं तात्या पाटलांचं, धाकट्या पातीचं. दोघांचा आजा एकच, पण दोघांचं आपसात बोलणं बंद होऊन बारा वर्षं झाली होती. आबा सरपंच, तात्या उपसरपंच, त्यामुळे पंचायतीत त्यांना बोलावं लागे, पण ते माझ्यामार्फत. “भाऊसाहेब, उपसरपंचांना सांगा, त्यांचा बैल आमच्या बांधावर चरतूया.” “भाऊसाहेब, सरपंचांना सांगा, बांध सरकलाय, बैल न्हाई.” दोघं एकमेकांपासून दोन हातांवर बसलेले असत.

गावात मानाची फार काटेकोर वाटणी होती. देवीच्या उत्सवाचा पहिला नारळ थोरल्या पातीचा, पोळ्याला वेशीतून पहिला बैल धाकट्या पातीचा. होळीची पहिली पोळी एक वर्ष यांची, एक वर्ष त्यांची. अशा गावात सरकारनं ‘नंबर एक’ नावाचा एक नवा कोरा मान पाठवून दिला होता आणि तो कुणाचा हे सांगायला विसरलं होतं.

“उजव्या हातानं,” मी परिपत्रक वाचलं.

“व्हय,” तात्या म्हणाले. “वेशीतून आत आलं की उजव्या हाताला आमचं घर. मार रं पळी.”

“आत येणारा परका,” आबा मला म्हणाले. “गावचा माणूस आतनं भाईर जातू. भाईर जाताना उजव्या हाताला आमचं हाय. त्यांना सांगा.”

मी सांगितलं. तिथून जी सविस्तर चर्चा सुरू झाली ती दुपारी जेवणापर्यंत चालली आणि डांबर डब्यातच घट्ट झालं.

इथं मला एक गोष्ट कबूल करायला हवी. परिपत्रकातलं दुसरं वाक्य मी त्या दिवशी मोठ्यानं वाचलंच नाही. कारण पूर्व टोकाचं पहिलं घर ना आबांचं होतं, ना तात्यांचं. वेशीच्या बाहेर, कोंडवाड्याला लागून, कुडाची एक झोपडी उभी होती. दारात गोणपाटाचा पडदा, वर पाचट. त्यात ज्ञानोबा आणि सोनाबाई नावाचं जोडपं राहत होतं, बीडकडून पोटासाठी आलेलं. मी झोपडी पाहिली होती, परिपत्रक वाचलं होतं, आणि गाव वेशीच्या आत सुरू होतं अशी स्वतःची समजूत घातली होती. खरं सांगायचं तर मी दोघा पाटलांना भ्यालो.

पुढच्या पंधरवड्यात गावात नंबर एकाची साथ आली. तात्यांनी स्वतःच्या हातानं गेरूनं दारावर भलामोठा एक काढला. संध्याकाळच्या आत आबांनी काढला, तात्यांच्यापेक्षा वीतभर मोठा. मग गुरवानं देवळावर काढला. त्याचं म्हणणं देवाच्या पुढं कुणी जाऊ नये. पिठाच्या गिरणीवाल्यानं काढला, कारण पंचक्रोशीत इंजिनावर चालणारी पहिली गिरणी त्याची. एका म्हातारीनं काढला, तिला कारण विचारायची कुणाची छाती झाली नाही. मी मोजले तेव्हा गावात सात घरं एक नंबरची होती आणि दोन नंबरचं एकही नव्हतं.

तोडगे बरेच निघाले. नंबर एक फिरता ठेवावा, एक वर्ष आबांकडे, एक वर्ष तात्यांकडे, असा ठराव झाला. मी तो वर पाठवला. उत्तर आलं, ‘घरांचे क्रमांक फिरते ठेवता येणार नाहीत.’ मग तात्यांनी शाळेच्या मास्तरांना बोलावून विचारलं, “गुरुजी, एकाच्या आधी काय येतं?” गुरुजी म्हणाले, “शून्य.” तात्या खूश. “भाऊसाहेब, सरपंचांना सांगा, एक घ्या तुमी. आमाला शून्य चालंल.” आबाही खूश, धाकट्या पातीनं आपल्या तोंडानं शून्य मागून घेतलं, याहून काय हवं? त्या रात्री म्हणे आबांच्या घरी गोडाचं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलानं फूटपट्टी आणून दाखवली. पट्टीवर शून्य एकाच्या पुढं बसलेलं. आबा तशीच ती पट्टी घेऊन कचेरीत आले आणि माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, “आमाला बी शून्यच पायजे.”

शेवटी वैतागून पंचायतीनं सर्वानुमते ठराव केला, की हातानं काढलेला कोणताही क्रमांक ग्राह्य धरला जाणार नाही. जस्ताच्या साच्यानं काढलेलाच खरा. मला वाटलं, चला, निदान गेरूचा खप कमी होईल. पण या ठरावानं काय केलं, तर त्या पत्र्याच्या पळीला राजमुद्रा करून टाकलं.

तिसऱ्या दिवशी पळी चोरीला गेली.

धोंडिबा तारेतले नऊ साचे माझ्यापुढे धरून उभा. “रातच्याला खुंटीला लावलं हुतं, भाऊसाहेब. बाकीची समदी भावंडं हायती. थोरलीच न्हाई.”

थोरली नाही म्हटल्यावर नुसता एक अडला असता तर भागलं असतं. पण दहा ते एकोणीस अडले, एकवीस, एकतीस, एक्केचाळीस अडले, शंभराच्या पुढचं सगळं अडलं. सभेत एका सदस्यानं सुचवलं की ज्या ज्या क्रमांकात एक येतो ते गाळून पुढं जावं. नऊच्या पुढं एकदम वीस. ठराव लिहिता लिहिता माझ्या डोळ्यांसमोर साहेबांचा चेहरा आला. वेळेअभावी सभा तहकूब झाली, आणि या खेपेला वेळ खरोखरच मी घालवला. चष्मा सापडत नाही म्हणून. तो माझ्या नाकावरच होता.

इतपत सगळी गंमतच होती. आता जिथं गंमत नव्हती ते सांगतो.

हमरस्त्याच्या कडेला नवा कारखाना उभा राहत होता. बांधकामावर बिगारी म्हणून ज्ञानोबा जात होता. बांधकाम संपत आलं, तसं कंपनीनं त्यातले काही लोक आत कायमचे घ्यायचं ठरवलं. त्यात ज्ञानोबाचं नाव होतं. फक्त राहण्याचा दाखला पाहिजे, सरपंचांच्या सहीचा, पंधरा दिवसांनी येणाऱ्या शनिवारपर्यंत. मी दाखला लिहून दिला. तो कंपनीच्या कारकुनानं परत पाठवला. ‘घर क्रमांक’ या शब्दांपुढं मी रेघ मारली होती, तिथं आकडा हवा होता.

ज्ञानोबाला कामावरून हलता येईना, म्हणून सोनाबाई यायला लागली. सकाळी मी सायकल भिंतीला टेकवायचो तेव्हा ती कचेरीच्या पायरीवर बसलेली असायची. उंच, सावळी बाई, कपाळावर मोठं कुंकू. कडेवर वर्षाची पोरगी.

“भाऊसाहेब, आमच्या झोपडीला आकडा कामून मिळंना?”

“बाई, नंबरांचं काम थांबलंय. एकाचा साचा हरवलाय.”

“मला एक कशाला पायजे? दुसरा कोणताबी द्या की. चार द्या. सात द्या.”

“तसं मधलाच देता येत नाही. ओळीनं द्यावा लागतो.”

“मग ओळीनं द्या.”

ओळीनं द्यायचं तर तिचाच पहिला होता. मी म्हणायचो, “उद्या बघू.” ती म्हणायची, “बरं, उद्या येते,” आणि तरी दुपारपर्यंत बसून राहायची, न जाणो उद्या लवकर उजाडला तर. असे नऊ दिवस. धोंडिबा तिला पाणी द्यायचा. मी मान खाली घालून जन्ममृत्यूचं रजिस्टर लिहायचो. त्या नऊ दिवसांत माझं अक्षर फार वाईट आलं आहे. रजिस्टर अजून कुठं शिल्लक असेल तर पाहून घ्यावं.

गुरुवारी सभा होती. शनिवारच्या आधीची शेवटची. विषय एकच: हरवलेल्या साच्याचा शोध. आबा म्हणाले, “भाऊसाहेब, उपसरपंचांना इचारा, त्यांच्या कणगीत पळी हाय का म्हून.” तात्या म्हणाले, “सरपंचांना सांगा, त्यांनी आपल्या माजघरात हुडकावं, तिथं आमच्या आज्याची समईबी घावंल.” चर्चा साधकबाधक व्हायला लागली. एकाचा हात दुसऱ्याच्या पागोट्याकडे निघाला.

तेवढ्यात सोनाबाई देवळाची पायरी चढून आत आली. सभेत बाई येण्याचा प्रघात नव्हता, त्यामुळे तिला बाहेर हो म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. पोरीला खांबाशी बसवून ती म्हणाली, “पाटील, मला बोलायचंय. मला शेवटचा आकडा द्या. साऱ्या गावाचा झाल्यावर जो उरंल तो. त्याच्यावर तर कुणाचं भांडण नाही ना? शनिवारी कागद नाही दिला तर त्यांची नोकरी दुसऱ्याला देतेत. मग आम्ही कुठं जावं?”

शेवटचा आकडा कोणता हेही पहिला लागल्याशिवाय कळणार नव्हतं, पण ते तिला सांगायला माझी जीभ रेटेना. मी उठलो. खिशातून परिपत्रक काढलं आणि दुसरं वाक्य वाचलं. पक्कं, कच्चं अथवा झोपडी असा भेद करू नये. आणि म्हणालो, “गावाच्या पूर्व टोकाचं पहिलं घर वेशीबाहेर आहे. कायद्यानं एक नंबर या बाईंच्या झोपडीचा.”

मला वाटलं, आता पागोटं नाही, मीच बाहेर भिरकावला जाणार. आबांनी तंबाखू मळायची थांबवली.

“म्हंजी,” आबा सावकाश म्हणाले, “ह्यो एक तात्याच्या दारावर न्हाई लागनार?”

“नाही.”

“आन आबाच्या?” तात्यांनी विचारलं.

“त्यांच्याही नाही.”

दोघांच्या तोंडावर एकदमच असं समाधान पसरलं, की बारा वर्षांत प्रथमच ते भाऊबंद दिसले. “मग ल्ह्या की ठराव,” आबा म्हणाले. “सूचक म्या.” “अनुमोदन माझं,” तात्या म्हणाले. या दोघांची नावं एका ठरावाखाली शेजारी शेजारी लिहिताना मला ती दोनदा तपासून पाहावी लागली.

राहिला साचा. शुक्रवारी सकाळी धोंडिबा धावत आला. कुणीतरी रात्री कचेरीच्या कुंपणावरून साचा आत टाकला होता. टाकला कसला, टाकले होते. दोन होते. एक आमचा जस्ताचा आणि दुसरा नवा कोरा, चिंचवडच्या कुठल्याशा पत्रेवाल्याकडून करवून घेतलेला, हुबेहूब. एका पातीनं साचा पळवला होता, आणि दुसऱ्या पातीनं तो आपल्याकडे नाही या काळजीनं गुपचूप बनवून घेतला होता. कोण चोर आणि कोण कारागीर, याचा शोध मी घेतला नाही. धोंडिबा फक्त म्हणाला, “थोरली माघारी आली, जुळी हून.”

सोनाबाईच्या झोपडीला भिंत म्हणावी अशी भिंतच नव्हती. कुडावर डांबराचा एक कसा उठणार? शेवटी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर काढला आणि गोणपाटाच्या पडद्याशेजारी तारेनं टांगला. आबा आणि तात्या स्वतः उभे होते, आपापल्या बाजूनं, नंबर दुसरीकडे कुठं सरकत नाही ना हे बघायला. दाखला मी तिथंच उभ्यानं लिहिला. ज्ञानोबा शनिवारी तो घेऊन गेला आणि सोमवारी कंपनीच्या खाकी कपड्यांत बाहेर आला. कपडे त्याला दोन माप मोठे होते. तो ते हातानं धरून चालत होता आणि दिसेल त्याला रामराम करत होता.

महिन्याभरानं साहेब तपासणीला आले. माझ्या कायम होण्याचा दिवस. आबांनी ओसरीवर गादी-तक्क्या, बर्फी, चहा अशी जय्यत तयारी ठेवली होती. समोर तात्यांनीही ठेवली होती, वर एक लोड जास्त. साहेब जीपमधून उतरले, घरांची यादी हातात घेतली आणि म्हणाले, “माझा एक रिवाज आहे. मी एक नंबरच्या घरी बसून कागद बघतो. बहुधा सरपंचांचंच असतं ते. चला.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. तात्यांनी आबांकडे पाहिलं. साहेब पाटी शोधत वेशीबाहेर निघाले आणि आम्ही सगळे मागोमाग.

सोनाबाई भाकरी थापत होती. पीठ लागलेल्या हातानंच ती उठली. साहेब वाकून आत गेले आणि गोणपाटावर मांडी घालून बसले. त्यांच्या मागून सरपंच आणि उपसरपंचांना जावंच लागलं. आत जागा एवढीच, की बारा वर्षं न बोललेले दोघे भाऊबंद गुडघ्याला गुडघा लावून एका गोणपाटावर बसले आणि मधल्या मोकळ्या जागेत सोनाबाईची पोरगी येऊन बसली. तिनं आधी आबांची मिशी ओढली, मग तात्यांची. या एका बाबतीत तरी मान कुणाचा आधी, यावर वाद झाला नाही. मी दारात अर्धा आत, अर्धा बाहेर. आबांच्या घरची बर्फी आणि तात्यांच्या घरच्या कपबश्या धोंडिबानं मागच्या मागे आणून दिल्या. सोनाबाईनं गुळाचा चहा केला. साहेबांनी दोनदा घेतला.

कागद बघून झाले. मग साहेबांनी चष्मा काढला आणि तिला विचारलं, “बाई, पंचायतीकडून काही त्रास? कारकुनाबद्दल काही तक्रार? मोकळेपणानं सांगा, लिहून घेतो.”

नऊ दिवस. तिनं नुसतं ‘नऊ दिवस’ म्हटलं असतं तरी माझी एस.टी. साताऱ्याला लागली असती. आणि तिनं म्हणायला काही हरकत नव्हती. सगळं खरं होतं.

सोनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. “नाही जी,” ती म्हणाली. “भाऊसाहेब लई चांगले हायेत. मी गेले, अन् लगेच कागद दिला. एक दिवस बसू दिलं नाही.”

साहेबांनी ते लिहून घेतलं.

जीप गेली, पाटील मंडळी पांगली. मी मागं राहिलो. ती चुलीपाशी तात्यांच्या कपबश्या विसळत होती. मी म्हणालो, “सोनाबाई, तुमचे उपकार झाले. पण असं का सांगितलंत?”

तिनं वर पाहिलं नाही. “खरं सांगायचंच मनात होतं. पहिल्या दिवशीच देता येत होता आकडा, ते सभेत तुम्ही वाचलं तवाच कळलं मला. नऊ दिवस बसवलं तुम्ही. पोरगी तापली होती त्यात दोन दिवस.” तिनं बशी पालथी घातली. “पण तुमची नोकरी गेली असती. नोकरी गेली म्हंजे घरात काय होतं, ते तुम्हाला ठाव नाही, भाऊसाहेब. मला ठाव हाय.”

पोरीला ताप होता हे मला माहीतही नव्हतं. माझ्यापासून चार हातांवर ती नऊ दिवस बसली होती.

आठवड्यानं साहेबांचा शेरा आला. ‘कारकून लोकांशी तत्परतेने व सहानुभूतीने वागतात. नोकरीत कायम करण्यास हरकत नाही.’ त्या शेऱ्यावर मी पुढं आयुष्यभर नोकरी केली, घर बांधलं, मुलं शिकवली. निवृत्तीच्या समारंभात साहेब लोकांनी तो माझ्या सेवापुस्तकातून मोठ्यानं वाचून दाखवला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र खाली मान घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, विनयानं.